उतारवयाचा देश

मेक्सिकोच्या पॅसिफिक किनाऱ्यावरचं प्वेर्तो वायार्ता एका सिनेमामुळे नावारूपाला आलं. १९६३ साली जॉन ह्यूस्टन शेजारच्या मिस्मालोयात 'द नाइट ऑफ द इग्वाना'चं चित्रीकरण करत होता. नायक रिचर्ड बर्टन, आणि त्याच्या सोबतीला येऊन राहिलेली एलिझाबेथ टेलर. दोघांचीही लग्नं तेव्हा दुसऱ्यांशी झालेली, त्यामुळे छायाचित्रकारांची झुंबड उडाली. लग्नाबाहेरच्या प्रेमामुळे गाजलेल्या या गावात पुढे म्हातारपण काढायला आले ते ज्यांना लग्नाची मुभाच नव्हती असे पुरुष.

आज तिथल्या झोना रोमांतिका या वस्तीत, लॉस म्वेर्तोसच्या किनाऱ्यालगत, अमेरिका आणि कॅनडातून आलेले साठी-सत्तरीचे गे पुरुष मोठ्या संख्येने राहतात. काही जोडीने, काही एकटे. काही बारा महिने, काही फक्त थंडीपुरते. ऊन, समुद्र, डॉलरच्या मानाने स्वस्ताई, पायी जाता येईल इतक्या अंतरावर बार आणि ओळखीचे चेहरे, ही कारणं कुणीही सांगेल. मला त्याहून बोलकं वाटतं ते बँकेतलं एक कागदपत्र.

मेक्सिकोच्या १९१७च्या राज्यघटनेने किनाऱ्यापासून ५० आणि सरहद्दीपासून १०० किलोमीटरच्या पट्ट्यात परदेशी माणसाला थेट जमीनमालकी नाकारलेली आहे. त्यातून काढलेली वाट म्हणजे 'फिदेइकोमिसो'. घर बँकेच्या नावावर, बँक विश्वस्त. राहण्याचे, विकण्याचे, भाड्याने देण्याचे हक्क मात्र तुमचे. मुदत ५० वर्षं, पुढे वाढवता येते. या करारात तुमच्या पश्चात हे हक्क कुणाकडे जावेत ते लिहायचं असतं, आणि तिथे बायकोचं, पुतण्याचं, मित्राचं, कुणाचंही नाव चालतं. नात्याचा पुरावा लागत नाही. टेक्सासमध्ये ज्याला कायदा निव्वळ परका मानत होता, त्या जोडीदाराला मेक्सिकोतलं घर वारसाहक्काच्या कोर्टकचेरीवाचून मिळू शकत होतं. परक्यांना दूर ठेवण्यासाठी केलेल्या तरतुदीतून ही सोय व्हावी, हा योग कायदा करणाऱ्यांच्या स्वप्नातही नसेल.

हा कागद डोळ्यांसमोर ठेवला की गेल्या शंभर वर्षांतला बदल नीट दिसतो. पूर्वी गे पुरुष परदेश निवडताना एवढंच बघत असे, की पोलीस दार वाजवणार नाहीत ना. आता तो बघतो, अतिदक्षता विभागाच्या दारात 'तुम्ही पेशंटचे कोण?' असं विचारलं तर आपलं उत्तर कुठल्या देशात चालेल.

पहिल्या तऱ्हेचा नमुना म्हणजे इंग्रज लेखक सॉमरसेट मॉम. त्याचा जोडीदार जेराल्ड हॅक्स्टन याच्यावर १९१५ साली लंडनमध्ये 'असभ्य वर्तना'चा खटला झाला. तो निर्दोष सुटला, पण १९१९मध्ये ब्रिटनने 'अनिष्ट परदेशी' ठरवून त्याला दार कायमचं बंद केलं. मॉमने फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावर काप फेरा इथे 'व्हिला मोरेस्क' घेतला त्यामागे हे कारण होतंच. फ्रान्सने समलिंगी संबंध १७९१ सालीच गुन्ह्यांच्या यादीतून काढले होते. मॉम १९६५च्या डिसेंबरात गेला. इंग्लंडमधला कायदा त्यानंतर दीडेक वर्षाने, १९६७च्या जुलैत, अर्धामुर्धा बदलला.

ब्रिटिश नाटककार नोएल कॉवर्डची गोष्ट जरा अडचणीची आहे. ब्रिटनमधला प्राप्तिकर चुकवायला तो देशाबाहेर पडला आणि शेवटी जमैकातल्या टेकडीवर 'फायरफ्लाय' नावाच्या घरात राहिला. १९७३ साली तिथेच गेला, दफनही तिथेच. जमैकात समलिंगी संबंधांवर १८६४चा ब्रिटिशकालीन कायदा होता आणि आजही आहे. आपल्या ३७७ कलमाचाच तो भाऊबंद. मग कॉवर्डला तिथे भीती कशी वाटली नाही? कारण उघड आहे. तो गोरा, श्रीमंत आणि प्रसिद्ध होता, आणि त्या कायद्याचा बडगा बेटावरच्या गरीब काळ्या पोरांसाठी होता. मोरोक्कोतल्या टँजियरमध्येही तेच. १९५६पर्यंत ते आंतरराष्ट्रीय क्षेत्र होतं आणि तिथे रमलेल्या लेखक-चित्रकारांच्या आठवणींमध्ये स्थानिक मुलं येतात ती बहुधा नावावाचून. 'परदेशातलं स्वातंत्र्य' म्हणून जे मिरवलं गेलं, त्यात विनिमयदराचा वाटा मोठा होता, हे कबूल करायला या इतिहासाला फार वेळ लागला.

पैसाही नेहमी वाचवायचा नाही. स्पेनमध्ये हुकूमशहा फ्रँको असतानाही तोरेमोलिनोस हे युरोपातल्या गे पर्यटकांचं आवडतं ठिकाण बनलं होतं. १९७१च्या जूनमधल्या एका रात्री पोलिसांनी तिथल्या पासाहे बेगोन्या या गल्लीतल्या बारांवर धाड घातली. शंभरावर माणसं पकडली, अनेक परदेशी माणसांना देशाबाहेर काढलं आणि बार बंद पडले. त्याच स्पेनने २००५ साली समलिंगी विवाह कायदेशीर केला, आणि २०१८ साली आंदालुसियाच्या विधिमंडळाने त्या गल्लीला ऐतिहासिक स्मृतिस्थळाचा दर्जा दिला. आज तोरेमोलिनोसला, सित्झेसला, ग्रान कनारियातल्या मास्पालोमासला ब्रिटिश, डच, जर्मन गे पेन्शनर राहतात. ती धाड आठवण्याइतकं वय त्यांच्यातल्या काहींचं नक्कीच आहे.

काहींना परदेश निवडण्याची चैन नव्हती, तो त्यांच्यावर लादला गेला. रिचर्ड ॲडम्स अमेरिकेचा नागरिक, टोनी सलिव्हन ऑस्ट्रेलियन. १९७५ साली कोलोरॅडोतल्या बोल्डर काउंटीच्या कारकून क्लेला रोरेक्स यांनी समलिंगी जोडप्यांना विवाहपरवाने द्यायला सुरुवात केली. कायद्यात मनाई लिहिलेली नव्हती, एवढाच आधार. त्या मोजक्या परवान्यांतला एक या दोघांचा. त्यावर रिचर्डने नवऱ्यासाठी वास्तव्याचा अर्ज केला, तेव्हा इमिग्रेशन खात्याने सरकारी कागदावर शिवी वापरून तो नाकारला. खटला ते १९८२मध्ये हरले. १९८५मध्ये दोघं सामान गुंडाळून युरोपात गेले, वर्षभर भटकले, आणि गुपचूप परत येऊन लॉस एंजेलिसमध्ये राहू लागले. पुढची कितीतरी वर्षं टोनी आपल्याच घरात बेकायदा होता. रिचर्ड २०१२च्या डिसेंबरात गेला. त्यानंतर सहा महिन्यांनी, २६ जून २०१३ला, विंडसर खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने केंद्र सरकारला समलिंगी विवाह मानायला लावलं. टोनीला ग्रीन कार्ड मिळालं ते २०१६ साली, विधुर म्हणून. १९७५च्या त्याच लग्नाच्या जोरावर!

अशी कित्येक जोडपी २०१३पूर्वी कॅनडात, हॉलंडमध्ये, जोडीदाराच्या देशात जाऊन राहिली. अमेरिकेतली नोकरी सुटल्याने पेन्शन तुटपुंजी, आणि दुसऱ्या देशातली वर्षंही अपुरी. आज ती माणसं सत्तरीत आहेत. त्यांना 'परदेशात निवृत्त झालेले' म्हणताना जीभ अडखळते.

आणखी एका पिढीबद्दल थांबून सांगायला हवं, कारण तिच्या हिशेबात निवृत्ती हा रकानाच नव्हता. १९८०च्या दशकाअखेर अमेरिकेत एक धंदा उभा राहिला: एड्स झालेल्या माणसांची आयुर्विमा पॉलिसी विकत घेण्याचा. आजारी माणसाला पॉलिसीच्या रकमेचा काही भाग रोख मिळे. तो मेला की पूर्ण रक्कम गुंतवणूकदाराला. जितक्या लवकर मृत्यू, तितका चांगला परतावा. तिशी-चाळिशीतल्या पुरुषांनी असे पैसे घेऊन कर्जं फेडली, औषधं घेतली, जग पाहिलं. कुणी उबदार समुद्रकाठी मरायचं म्हणून मेक्सिकोत आले. १९९६ साली औषधांचा संयुक्त उपचार आला आणि यातली बरीच माणसं मेलीच नाहीत. गुंतवणूकदार हवालदिल झाले, आणि हे लोक पन्नाशीत शिरले ते विमा नाही, बचत नाही, नोकरीत दहा वर्षांचा खाडा आणि पत्त्यांच्या वहीतली निम्मी नावं खोडलेली, अशा अवस्थेत. स्वस्त देश शोधणाऱ्यांत ही माणसं आहेत हे ठाऊक नसेल तर वायार्ता किंवा थायलंडमधल्या पटायातल्या घोळक्याकडे बघून 'मजा आहे बुवा यांची' असं म्हणणं सोपं जातं.

अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाच्या २०१३ आणि २०१५च्या दोन निकालांनी चित्र पालटलं. पहिल्याने विवाह केंद्राच्या लेखी खरा ठरला, दुसऱ्याने तो पन्नासही राज्यांत करता येऊ लागला. सोशल सिक्युरिटीतून जोडीदाराला मिळणारी रक्कम, मृत्यूनंतरची निवृत्तिवेतनातली वाटणी, वारसाकरातली सूट हे सगळं एकदम हाती आलं. ब्रिटनमध्ये खासगी पेन्शनचा प्रश्न २०१७ साली वॉकर खटल्यात सुटला. तोवर कंपन्यांना २००५च्या डिसेंबरापूर्वीची नोकरीची वर्षं समलिंगी जोडीदारासाठी मोजायची सक्ती नव्हती. मायदेश राहण्याजोगा झाला आणि परदेशाचा विचार साध्या खर्चाच्या वहीत जाऊन बसला. शेजारच्या स्त्री-पुरुष जोडप्यासारखेच हेही विचारू लागले: भाडं किती, डॉक्टर कुठे, विमान किती तासांचं?

इथे मेडिकेअरचा जाच सांगितला पाहिजे. अमेरिकन ज्येष्ठांचा हा सरकारी आरोग्यविमा देशाबाहेर जवळजवळ चालत नाही. त्यातला 'भाग बी' परदेशात निरुपयोगी म्हणून बंद केला आणि पुढे परत घ्यायचा म्हटलं, तर चुकवलेल्या प्रत्येक पूर्ण वर्षामागे हप्ता १० टक्क्यांनी वाढतो, तोही जन्मभरासाठी. म्हणून मेक्सिकोत राहणारे अनेक जण २०२५ साली महिना १८५ डॉलर असलेला हप्ता भरत राहतात, दात आणि मोतीबिंदू तिकडे उरकतात आणि हृदयाचं किंवा कर्करोगाचं काही निघालं तर सॅन दिएगोची वाट धरतात. ब्रिटिशांचं दुखणं निराळं. त्यांची सरकारी पेन्शन युरोपीय संघात दरवर्षी वाढते. थायलंडमध्ये, कॅनडात, ऑस्ट्रेलियात आणि भारतातही ती सुरू होते त्या आकड्यावर गोठते. पासष्टाव्या वर्षी पटायात ऐटीत राहणारा माणूस पंच्याऐंशीव्या वर्षी त्याच पौंडांत नूडल्सच्या गाडीवर जेवत असतो. ब्रेक्झिटनंतर स्पेनमध्ये आपलं घर असूनही परवान्याविना १८० दिवसांत ९०च दिवस राहता येतं.

थायलंडचा बदल सगळ्यांत ताजा. २३ जानेवारी २०२५पासून तिथे समलिंगी विवाह कायदेशीर आहे. आग्नेय आशियातला हा पहिला देश. निवृत्तीच्या व्हिसासाठी वय ५० आणि थाई बँकेत ८ लाख बात किंवा महिना ६५ हजारांचं उत्पन्न लागतं. परदेशी माणसाला जमीन घेता येत नाही, फ्लॅट घेता येतो. म्हणून वर्षानुवर्षं असं चाललं, की बंगला थाई जोडीदाराच्या नावावर, पैसा परदेशी म्हाताऱ्याचा, आणि दोघांमध्ये तीस वर्षांचं अंतर. कोण कुणाला फसवतंय याच्या कहाण्या पटायाच्या बारमध्ये चवीने चघळल्या जातात, आणि त्या बहुतेक एकाच बाजूने सांगितल्या जातात. दहा-बारा वर्षं एका आजारी परक्याचं अंग पुसणाऱ्या, गोळ्या देणाऱ्या थाई पुरुषाला जोडीदार म्हणून कायद्याने काहीच हक्क नव्हता. म्हातारा गेला की दूतावास मायदेशात नातलग शोधी, आणि ज्या पुतण्याने त्याला तीस वर्षांत पत्र लिहिलं नाही तो एकाएकी सर्वात जवळचा ठरे. नव्या कायद्याने, लग्न केलं तर, हा थाई जोडीदार वारस झाला, उपचारांना संमती देणारा झाला. माझ्या मते या कायद्याचा खरा लाभार्थी तोच, आणि निवृत्तीच्या जाहिरातींमध्ये त्याचा फोटो मात्र अजून पाठमोराच असतो.

अमेरिकेत तोवर वारं पुन्हा फिरलं होतं. २०२२च्या जूनमध्ये गर्भपाताचा हक्क काढून घेणाऱ्या निकालात न्यायमूर्ती क्लॅरेन्स थॉमस यांनी स्वतंत्र मतपत्रात समलिंगी विवाहाच्या निकालाचाही फेरविचार व्हावा असं लिहिलं. त्याच डिसेंबरात संसदेने झालेल्या विवाहांना संरक्षण देणारा कायदा केला. २०२५च्या नोव्हेंबरात सर्वोच्च न्यायालयाने समलिंगी जोडप्यांना विवाहपरवाने नाकारणाऱ्या केंटकीच्या कारकून किम डेव्हिस यांची याचिका ऐकायलाच नकार दिला, म्हणजे तूर्त विवाह शाबूत आहे. पण ज्यांच्या तरुणपणी लॉस एंजेलिसच्या बारमधून माणसं उचलून नेली जात, त्यांना 'तूर्त' हा शब्द पुरत नाही. स्पेनच्या, तिथे कमाई न करता राहण्याच्या व्हिसाची, पोर्तुगालच्या तशाच डी-७ व्हिसाची चौकशी करणारे बहुतेक लगेच उठून जाणार नाहीत. कागद तयार असावेत, दार किलकिलं असावं, एवढंच त्यांना हवं असतं. पर्यटकासारखा देश निवडणारा हा गट आता पुन्हा निर्वासितासारखा विचार करू लागला आहे, फक्त यावेळी त्याच्याकडे पेन्शन आहे.

पेन्शन आहे म्हणूनच तो सगळीकडे हवाहवासाही नाही. २०२४च्या एप्रिलमध्ये कॅनरी बेटांवर हजारोंनी मोर्चे काढले. बाहेरच्यांच्या पैशाने घरं स्थानिकांच्या आवाक्याबाहेर गेली हा त्यांचा राग. मेक्सिको सिटीत २०२५च्या जुलैत तशाच कारणाने दगडफेक झाली. पोर्तुगालने घरखरेदीवरचा 'गोल्डन व्हिसा' २०२३ साली आणि स्पेनने आपला २०२५च्या एप्रिलमध्ये बंद केला. मेक्सिकन तरुण गे वेटरला झोना रोमांतिकात काम मिळतं, खोली परवडत नाही. आपण पीडित आहोत म्हणजे आपल्या भाड्याने कुणी पीडित होत नाही, असं थोडंच आहे?

काही जण मात्र उलट्या दिशेने जात आहेत. ऐंशीच्या पुढे भाषा आठवेनाशी होते, जिने जड होतात, आणि बार कितीही प्रेमळ असला तरी तो बेडपॅन देत नाही. परतायचं तर कुठे? सामान्य वृद्धाश्रमात जाताना जन्मभर उघड जगलेली माणसं पुन्हा तोंड शिवून बसतात, भिंतीवरचा फोटो उतरवतात, जोडीदाराला 'भाऊ' म्हणून ओळख करून देतात. २०१०च्या 'जेन सायलेंट' या माहितीपटाचा विषयच हा. त्यावर इलाज म्हणून हॉलिवूडमध्ये २००७ साली 'ट्रँगल स्क्वेअर' ही परवडणारी ज्येष्ठवस्ती उभी राहिली. बर्लिनमध्ये २०१२ साली उघडलेल्या 'लेबेन्सओर्ट फीलफाल्ट'मध्ये स्मृतिभ्रंश झालेल्या गे पुरुषांसाठी सामायिक घरही आहे. जर्मनीत पुरुषांमधले समलिंगी संबंध गुन्हा ठरवणारं १७५ कलम १९९४ साली पूर्ण गेलं. स्मृती ओसरताना नवं आधी पुसलं जातं आणि जुनं राहतं असं म्हणतात. या घरातल्या म्हाताऱ्यांच्या बाबतीत जुनं म्हणजे काय, ते वेगळं सांगायला नको.

आता मराठी माणूस. १९६५च्या इमिग्रेशन कायद्यानंतर अमेरिकेत गेलेल्या इंजिनियर-डॉक्टरांच्या लाटेत गे पुरुषही होते. कित्येकांसाठी ती नोकरी हे निमित्त होतं. दादरच्या चाळीतून किंवा सदाशिव पेठेतून, स्थळं घेऊन येणाऱ्या मावश्यांपासून लांब जाणं हा खरा हेतू. गंमत अशी, की १९९०पर्यंत समलिंगी परदेशी माणसाला प्रवेश नाकारण्याची तरतूद अमेरिकेच्या कायद्यातच होती, म्हणजे तिकडेही चूपच राहायचं. १९८६मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या परिसरात 'त्रिकोण' ही दक्षिण आशियाई समलिंगींची संस्था सुरू झाली, तेव्हा कुठे बोलायला चार माणसं मिळाली. हे सगळे आता निवृत्त झालेत किंवा होतील. बाकीच्या मित्रांची मुलं तिकडे, म्हणून ते तिकडेच राहतात. यांना मुलं नाहीत. पण पुण्यात बहीण आहे, भाची आहे, कामाला बाई मिळते, आणि जेवणात वरणभात. यांच्यासाठी परदेशात निवृत्त होणं म्हणजे घरी येणं.

२०१८च्या सप्टेंबरात ३७७ गेलं तेव्हा अनेकांनी हा विचार पहिल्यांदा गांभीर्याने केला. सर्वोच्च न्यायालयाच्या १७ ऑक्टोबर २०२३च्या निकालाने विवाहाची आशा मावळली आणि हिशेब पुन्हा मांडावा लागला. समजा, न्यू जर्सीत वीस वर्षं संसार केलेला एक ठाणेकर आणि त्याचा अमेरिकन नवरा कोथरूडात यायचं म्हणतात. ठाणेकराला परदेशी नागरिकत्व घेतलेल्या भारतीयांसाठीचं ओसीआय कार्ड मिळेल. जोडीदाराच्या नात्याने ते नवऱ्यालाही मिळावं, तर इथे ते नातं विवाह म्हणून मान्य नाही. पर्यटक म्हणून आला तर सलग १८० दिवसांहून जास्त राहता येत नाही. बँकेत संयुक्त खातं उघडता येईल, नॉमिनी नेमता येईल. अर्थ मंत्रालयाने २८ ऑगस्ट २०२४ला तसं स्पष्टच केलं. दोघंही भारतीय असते तरी एकाने दुसऱ्याला वर्षात ५० हजारांवर रक्कम भेट दिली, की ती घेणाऱ्याचं करपात्र उत्पन्न ठरते. नवरा-बायकोला हा कर नाही. याच भेदाविरुद्ध एका जोडप्याने मुंबई उच्च न्यायालयात दाद मागितली असून २०२५च्या ऑगस्टमध्ये न्यायालयाने त्याची दखल घेतली आहे. मृत्युपत्र नसेल तर हिंदू वारसा कायद्याच्या लांबलचक यादीत भाऊ, बहीण, पुतण्या, चुलता सगळे येतात, जोडीदार येत नाही. मुखत्यारपत्र करावं तर माणूस बेशुद्धीत गेला की त्याचा आधार उरत नाही.

एक कागद मात्र चालतो. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली मान्य केलेलं आणि २०२३च्या जानेवारीत सोपं केलेलं वैद्यकीय इच्छापत्र. दोन साक्षीदार, नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याची सही, आणि स्वतःला निर्णय घेता येत नसेल तेव्हा कुणाचं ऐकायचं त्याचं नाव. तो जवळचा नातेवाईकच हवा असं नाही. पालक म्हणून विश्वासाच्या माणसाचं नाव देता येतं. परतू पाहणाऱ्यांना वकील आज पहिल्यांदा हेच करून घ्यायला सांगतील, कारण कोथरूडच्या त्या फ्लॅटवर, त्यातल्या कपाटावर, बँकेतल्या मुदत ठेवीवर नवऱ्याचा हक्क सिद्ध व्हायला वर्षं लागतील. व्हेंटिलेटर काढायचा की नाही, हे विचारलं जाईल तेव्हा मात्र त्याचाच शब्द ऐकावा लागेल.